रात्रीच्या दोन घटका : धुळ्याचे आकाशशिक्षक शंकर बाळकृष्ण दीक्षित

शाबान आणि रमजान महिन्यांची एकोणतिसावी सायंकाळ आली, की जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर येथील मोहल्ल्यांत लहानथोर गच्चीवर चढतात आणि पश्चिम क्षितिजावर चंद्रकोर शोधू लागतात. हिलाल दिसला, की दुआ होते, मुबारकबाद होते. आणि त्यानंतर आपल्यापैकी बहुतेकांचा आकाशाशी असलेला संबंध पुढील वर्षापर्यंत खंडित होतो. वास्तविक पवित्र कुरआनने आकाशाकडे पाहण्याचा आदेश दोन-तीन सायंकाळींपुरता दिलेला नाही. सूरह आले-इमरानच्या अखेरच्या भागात आकाश व पृथ्वीची रचना आणि रात्र-दिवसाचे येणे-जाणे यांत बुद्धिमंतांसाठी निशाण्या असल्याचे सांगितले आहे. सूरह यूनुसमध्ये चंद्राच्या मंजिला ठरवून देण्यामागचा हेतूही सांगितला आहे : माणसाला वर्षांची गणना व हिशेब कळावा. पाहणे आणि मोजणे ही दोन्ही कामे त्यात आली.

ही दोन्ही कामे आयुष्यभर एकत्र करणारा एक शिक्षक सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या धुळे शहरात राहत होता. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित. ते कोकणातील ब्राह्मण घराण्यातले. तेव्हा या मासिकात त्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की इल्म जिथे असेल तिथून आदराने घ्यावे, हीच आपल्या पूर्वजांची रीत होती. अल-बैरूनी संस्कृत शिकला आणि इथल्या पंडितांच्या ग्रंथांतून त्याने हिंदुस्थानचे गणित व ज्योतिष अभ्यासले. दुसरे उत्तर असे, की हिजरी तारखांना इसवी तारखांशी जोडणाऱ्या एका मोठ्या ग्रंथावर याच दीक्षितांचे नाव आहे. त्याविषयी पुढे येईलच.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरूड या समुद्रकाठच्या गावी झाला. गावातच मराठी शिक्षण आणि थोडे संस्कृत झाले. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले आणि शिक्षक होण्याचे शिक्षण पुरे करून १८७४ मध्ये मॅट्रिक झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण येथेच थांबले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, हाताशी वेधशाळाही नव्हती. पुढील चोवीस वर्षे त्यांनी रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि पुणे येथे शिक्षकाची नोकरी केली. दिवसा वर्ग आणि उरलेल्या वेळात अभ्यास, असे ते जीवन होते. जे. एफ. फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने गुप्त राजांच्या शिलालेखांवरील आपला ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील तिथींचे गणित तपासण्याच्या कामी त्याला साहाय्य केले ते याच शाळामास्तरांनी.

धुळ्यात दीक्षित १८८९ ते १८९४ या काळात होते. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता आणि धुळे त्याचे मुख्य ठिकाण होते. पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश अशी विभागणी १९०६ मध्ये झाली. धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये गावोगावच्या शाळांसाठी शिक्षक तयार होत आणि त्यांना शिकवण्याचे काम दीक्षितांकडे होते. याच वर्षांत त्यांचे ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आकाशाचा परिचय सामान्य वाचकाला सोप्या मराठीत करून देणारे हे पुस्तक पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. त्याच्या नावातच लेखकाची दृष्टी दिसते. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. दोन घटका म्हणजे पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ. ज्योतिष ही राजदरबारातील पंडितांची मिरास नाही. दिवसभर कष्ट करणाऱ्या माणसाने रात्री अठ्ठेचाळीस मिनिटे वर पाहिले, तरी त्याला पुष्कळ गवसेल, असा विश्वास त्या नावामागे आहे.

या विश्वासाचे मोल समजण्यासाठी दीक्षितांच्या हयातीत आकाशात काय काय घडले, ते पाहिले पाहिजे. मे १८६६ मध्ये, दीक्षित तेरा वर्षांचेही नव्हते तेव्हा, उत्तर मुकुट या लहानशा तारकासमूहात एक नवा तारा अकस्मात तेजस्वी झाला आणि आठवडाभरात नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. १८८२ च्या सप्टेंबरात एक धूमकेतू इतका तेजस्वी झाला, की तो भर दिवसा सूर्याजवळ दिसला. १८८५ मध्ये देवयानी तारकासमूहातील अंधुक तेजोमेघात नवा तारा प्रकटला. आणि १८९२ च्या आरंभी, दीक्षित धुळ्यात शिकवत असताना, सारथी तारकासमूहात आणखी एक नवतारा आढळला.

या शेवटच्या ताऱ्याची कथा विशेष बोधप्रद आहे. तो कोणा मोठ्या वेधशाळेने शोधला नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरी थॉमस अँडरसन नावाचा एक हौशी निरीक्षक लहानशी दुर्बीण आणि ताऱ्यांचा नकाशा घेऊन आकाश पाहत असे. नकाशात नसलेला तारा त्याला सारथीत दिसला. आपली चूक तर होत नाही ना, या संकोचाने त्याने राजज्योतिषाला एक पोस्टकार्ड धाडले आणि त्यावर आपले नावही लिहिले नाही. नंतर अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेने आपल्या जुन्या छायाचित्रांच्या काचा तपासल्या, तेव्हा तो तारा डिसेंबर १८९१ पासून त्यांत उमटलेला आढळला. यंत्रांनी तो आधीच टिपला होता. परंतु नेहमीचे आकाश ओळखणाऱ्या माणसाने पाहीपर्यंत तो कोणाच्या ध्यानी आला नाही. रोजच्या घरात कोण कोण राहते हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच नवा पाहुणा ओळखता येतो. दीक्षितांसारखे शिक्षक लोकांना आकाशाच्या घरातील माणसांची ओळख करून देत होते.

अशा पाहुण्या ताऱ्यांची नोंद मुस्लिम विद्वानांनीही केली आहे. हिजरी ३९६ म्हणजे इसवी सन १००६ मध्ये इजिप्तच्या अली इब्न रिज़वानने वृश्चिक राशीच्या दिशेने एक अद्भुत तारा पाहिला. गरीब घरात जन्मलेला हा तरुण तेव्हा विद्यार्थी होता. पुढे तो कैरोचा नामांकित हकीम झाला. टॉलेमीच्या ग्रंथावरील आपल्या भाष्यात त्याने त्या ताऱ्याचे राशीतील स्थान अंशांसह दिले आणि त्याचे तेज शुक्राच्या व चंद्राच्या तेजाशी ताडून सांगितले. त्या ताऱ्याचा संबंध त्याने युद्ध व दुष्काळाशीही जोडला. ती त्या काळातील समजूत होती. आज त्याच्या शकुनांना कोणी विचारत नाही. मात्र त्याने नोंदवलेले स्थान आणि तेज हजार वर्षांनंतरही शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते. मानवाने नोंदवलेल्या ताऱ्यांपैकी तो सर्वांत तेजस्वी मानला जातो.

आज आपल्याला ठाऊक आहे, की हे तारे जन्मलेले नसतात. आधीपासून असलेल्या ताऱ्यांचा तो भडका असतो. नवतारा बहुधा जोडताऱ्यात दिसतो. त्यातील एक असतो श्वेत बटू, म्हणजे आपले इंधन संपवून आकसलेला, अतिशय घन तारा. तो शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. तो थर पुरेसा साचला, की त्यात अणुस्फोट होतो. तारा मात्र शाबूत राहतो आणि पुन्हा वायू साठवू लागतो. अतिदीप्त नवताऱ्यात याहून भयंकर घडते : प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचा गाभा कोसळतो, किंवा संपूर्ण श्वेत बटूच उद्ध्वस्त होतो. इब्न रिज़वानने पाहिलेला आणि १८८५ मध्ये देवयानीत दिसलेला, हे दोन्ही या दुसऱ्या प्रकारचे. १८६६ व १८९२ चे तारे पहिल्या प्रकारचे. दीक्षितांच्या काळी ही कारणे कोणालाच कळलेली नव्हती. कारण न कळता केवळ नीट पाहून ठेवलेले सत्य पुढच्या पिढीच्या कामी येते, हे यावरून ध्यानात यावे.

अपरिचित दृश्यापुढे माणूस दोन प्रकारे वागतो. तो त्याला मोजतो किंवा त्याला भितो. भिणाऱ्याला लगेच कोणाचा तरी मृत्यू, कोणाचा तरी अपशकुन आठवतो. या बाबतीत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील प्रसंग सर्वज्ञात आहे. त्यांचा तान्हा पुत्र इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. मदिनेतील लोक म्हणू लागले, की इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. शोकात असलेल्या पित्याला ही समजूत सुखावणारी ठरली असती. परंतु प्रेषितांनी (स.) ती तत्काळ खोडून काढली. सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या दोन निशाण्या असून कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही, असे त्यांनी समजावले आणि अशा वेळी नमाज व दुआ करण्यास सांगितले. आजचे गणित हे ग्रहण २७ जानेवारी ६३२ रोजी झाल्याचे दाखवते.

इतका स्पष्ट आदर्श असूनही आपल्या घरांत आजही ग्रहणाच्या वेळी गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवतात, तिला सुरी-कात्री हाती घेऊ देत नाहीत, कित्येकदा अन्नपाण्यावाचून ठेवतात. आणि बाळात काही व्यंग आढळले, तर आयुष्यभर त्या मातेलाच बोल लावतात. या समजुतीला शरीअतमध्ये आधार नाही आणि आकाशाच्या गणितातही नाही. ज्या दीनच्या प्रेषिताने (स.) स्वतःच्या पुत्रशोकातही ग्रहणाचा असा अर्थ लावू दिला नाही, त्या दीनच्या घरात एका निरपराध स्त्रीवर हा आरोप यावा, ही खेदाची गोष्ट आहे. ग्रहणात नमाज पढावी, सदका द्यावा. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, कारण त्याने दृष्टीला खरोखर इजा होते. आणि गरोदर स्त्रीला वेळेवर जेवू द्यावे.

दीक्षितांच्या अभ्यासाची पद्धत कशी होती, हे त्यांच्या एका प्रसिद्ध संशोधनावरून कळते. शतपथ ब्राह्मण या प्राचीन ग्रंथात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा आशयाची नोंद आहे. दीक्षितांच्या काळी मात्र कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत नव्हत्या, आजही उगवत नाहीत. त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. मग ग्रंथ खोटा, की आकाश बदलले? पृथ्वीचा अक्ष फिरत्या भोवऱ्यासारखा अतिशय मंद गतीने डुलतो. त्यामुळे विषुवबिंदू सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश मागे सरकतो. याला संपातचलन म्हणतात. या गतीने दीक्षितांनी काळ मागे मोजला आणि कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत होत्या तो काळ आजपासून सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा येतो, असे दाखवले. त्या काळनिर्णयावर विद्वानांत पुढे पुष्कळ चर्चा झाली. पण एका साध्या वाक्याची सत्यता अंगणात उभे राहून तपासता येते, ही दृष्टी मोलाची होती.

हीच दृष्टी घेऊन ते पंचांगाच्या वादात उतरले. शतकानुशतके चालत आलेल्या कोष्टकांनी सांगितलेले आणि प्रत्यक्ष आकाशात दिसणारे, यांत अंतर पडले होते. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह दीक्षितांनी सायन पंचांगाचा, म्हणजे ऋतू व विषुवबिंदू यांच्याशी मेळ राखणाऱ्या गणनेचा, पुरस्कार केला. सण व व्रते ज्या पंचांगावर अवलंबून आहेत, त्यात बदल सुचवणे ही हलकी गोष्ट नव्हती. लोकांनी ते पंचांग सर्वत्र स्वीकारले नाही. तरीही दीक्षितांनी आपले मत बदलले नाही, आणि जुन्या ग्रंथकारांचा अनादरही केला नाही. उलट त्या ग्रंथकारांचा साक्षेपी इतिहास लिहिण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

तो इतिहास म्हणजे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’. दक्षिणा प्राइझ कमिटीचे पारितोषिक मिळालेला हा ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचे ज्योतिषी, त्यांचे ग्रंथ, त्यांचे गणित यांचा त्यात शोध आहे. बाराव्या शतकातील भास्कराचार्यही त्यात आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालचा शिलालेख त्यांच्या घराण्याची माहिती देतो आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने तेथे मठ स्थापल्याचे सांगतो. याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा फारसी अनुवाद अकबराच्या दरबारातील फैज़ीने १५८७ मध्ये केला. खानदेशच्या मातीतून निघालेले गणित अशा रीतीने फारसी वाचणाऱ्या मुस्लिम विद्वानांपर्यंत पोहोचले. दीक्षितांचा ग्रंथ मराठीत लिहिला गेला आणि पुढे हिंदीत व इंग्रजीत अनुवादित झाला. मराठी ही शास्त्राची भाषा होऊ शकते, याचा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

त्याच १८९६ साली लंडनमध्ये ‘द इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ निघाला. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधील रॉबर्ट सेवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हे त्याचे कर्ते. हिंदू व मुस्लिम तारखांचे इसवी तारखांत आणि इसवीचे त्यांत रूपांतर करण्याची कोष्टके त्यात आहेत. भारतात दिसलेल्या ग्रहणांची कोष्टकेही जोडली आहेत. आपले हिजरी वर्ष चांद्र आहे. एका नव्या चंद्रापासून दुसऱ्यापर्यंत सरासरी एकोणतीस दिवस, बारा तास आणि चव्वेचाळीस मिनिटे जातात. म्हणून वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे होते. कोष्टकासाठी तीस वर्षांचे चक्र धरतात आणि त्यांपैकी अकरा वर्षांना एक दिवस अधिक देतात. प्रत्यक्ष महिना मात्र हिलाल पाहून सुरू होतो. त्यामुळे कोष्टकाची तारीख आणि लोकांनी पाळलेली तारीख यांत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. अशा वेळी लेखात वार दिलेला असेल, तर तो खरा दिवस ठरवायला मदत करतो.

या कामाचे महत्त्व खानदेशच्या माणसाला वेगळे सांगायला नको. रावेरच्या पलीकडे बुऱ्हाणपूरची जामा मशीद आहे. फारुकी सुलतान आदिलशाहाने बांधलेल्या या मशिदीत अरबी लेखाबरोबरच संस्कृत शिलालेखही आहे आणि त्यात विक्रम संवत १६४६ व शके १५११ अशी कालगणना दिली आहे. अल्लाहच्या घरात त्या सुलतानाने दोन्ही भाषांना जागा दिली. अशा लेखांतील हिजरी, शके आणि संवत यांना एका रेषेत आणल्याशिवाय आपला इतिहास सुसंगत लागत नाही. आज मोबाइलवर क्षणात होणारे हे रूपांतर दीक्षितांच्या पिढीने कागद व लेखणी घेऊन रात्री जागवून सिद्ध केले.

१८९४ पासून दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होते. २२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्यासाठी विजयदुर्ग, जेऊर अशा ठिकाणी शास्त्रज्ञांनी तळ ठोकले होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये, दीक्षितांचे निधन झाले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पदवी नाही, संपत्ती नाही, बदल्यांची नोकरी. आणि एवढ्या अल्प आयुष्यात एवढे काम! वेळ मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने त्या दोन घटकांचा हिशेब आपल्यापुरता करून पाहावा.

आता एक काम वाचकांसाठी. दीक्षितांच्या बालपणी, १८६६ मध्ये, उत्तर मुकुटात भडकलेला तो तारा १९४६ मध्ये पुन्हा भडकला होता. दोन भडक्यांत ऐंशी वर्षांचे अंतर पडले. म्हणून तिसऱ्या भडक्याची वाट जगभरचे निरीक्षक पाहत आले आहेत. मे-जूनमध्ये पावसाळी ढग येण्यापूर्वी रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर पाहावे. केशरी झाक असलेला तेजस्वी तारा म्हणजे स्वाती. त्याच्या पूर्वेला थोड्या अंतरावर सात मंद ताऱ्यांची अर्धवर्तुळाकार कमान दिसते. अरब तिला कसअतुल मसाकीन, म्हणजे गरिबांचे भांडे, म्हणत; कारण ते वर्तुळ एका बाजूने तुटलेले आहे. भडका होईल तेव्हा या भांड्याच्या काठालगत ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी नवा तारा दिसेल आणि काही दिवसांत मावळेल. त्या रात्री तो ओळखायचा असेल, तर तो नसलेले आकाश आधी पाठ व्हायला हवे.

मुलांना घेऊन गच्चीवर जावे, तारखेसह वहीत कमान काढून ठेवावी. काही नवे दिसलेच, तर सूरह हुजुरातमधील बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आठवावा : प्रथम दुसऱ्या रात्री पुन्हा पाहावे, तो एखादा ग्रह किंवा विमान तर नाही हे तपासावे, जाणकाराला विचारावे आणि मगच इतरांना सांगावे. कयामत आली, अमुक देशावर संकट येणार, असे संदेश पुढे ढकलणे हे पाहणाऱ्याचे काम नव्हे. अल्लाह आपल्या मुलांना निशाण्या पाहणारे डोळे आणि त्यांचा हिशेब ठेवणारी बुद्धी देवो. आमीन.